प्रार्थना जेव्हा गुन्हा ठरते

२० डिसेंबर २०२३ रोजी निकाराग्वातील सिउनाचे बिशप इसिदोरो मोरा यांना अटक झाली. आदल्या दिवशी मातागाल्पा येथील उपासनेत त्यांनी एवढेच सांगितले होते की, कारावासातील बिशप रोलांदो आल्वारेझ यांच्यासाठी देशातील बिशप प्रार्थना करीत आहेत. हे आल्वारेझ सरकारच्या दडपशाहीविरुद्ध उघड बोलत. २०२२च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना पंधरा दिवस त्यांच्या निवासातच कोंडले व मग पकडून नेले. २०२३च्या फेब्रुवारीत २२२ राजबंद्यांना विमानाने अमेरिकेत हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्यांनी विमानात चढण्यास नकार दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांना २६ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली आणि नागरिकत्वही हिरावून घेण्यात आले. अखेर २०२४च्या जानेवारीत दोन्ही बिशपांची रवानगी रोमला झाली.

हे कृत्य एखाद्या लष्करशहाचे असते तर निषेधाचा ठराव आपण केव्हाच संमत केला असता. परंतु येथे सत्तेवर सँदिनिस्ता आघाडी आहे, आणि म्हणून डाव्या वर्तुळांत अवघडलेले मौन आहे. या मौनाची कारणे समजण्यासारखी आहेत. १९७९ साली सोमोझा घराण्याची हुकूमशाही उलथणारी ही क्रांती जगभरच्या समाजवाद्यांना आपली वाटली. तिच्या साक्षरता मोहिमेत हजारो तरुण खेड्यापाड्यांत गेले. अमेरिकेने काँत्रा टोळ्यांना शस्त्रे पुरवून तिला रक्तबंबाळ केले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६ साली अमेरिकेला त्याबद्दल दोषी ठरविले. चर्चचे वरिष्ठ नेतृत्व त्या काळी क्रांतीच्या विरोधात होते, हेही खरे.

पण त्याच क्रांतीच्या सरकारात धर्मगुरूही होते. कवी एर्नेस्तो कार्देनाल सांस्कृतिक मंत्री होते, मिगेल देस्कोतो परराष्ट्रमंत्री. पुढे कार्देनाल डॅनिएल ओर्तेगांच्या एकाधिकारशाहीचे कठोर टीकाकार झाले. २०२० साली त्यांच्या अंत्यविधीतही सरकार-समर्थकांनी गोंधळ घातला. ह्युगो तोरेस यांची कथा याहून विदारक आहे. १९७४ साली ज्या धाडसी कारवाईमुळे ओर्तेगा तुरुंगातून सुटले, तिच्यात तोरेस सहभागी होते. त्याच ओर्तेगांच्या कैदेत २०२२ साली त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा या संघर्षाला 'क्रांती विरुद्ध धर्म' असे नाव देणे ही सत्ताधाऱ्यांची सोय आहे. एका कुटुंबाची सत्ता आणि तिच्यापुढे मान न तुकविणारा प्रत्येक नागरिक, मग तो आस्तिक असो वा मार्क्सवादी, असा हा झगडा आहे.

चर्चवरील रोषाचे मूळ २०१८ सालात आहे. निवृत्तिवेतनातील कपातीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तीनशेहून अधिक माणसे मारली गेली, आणि जखमी विद्यार्थ्यांना चर्चने आसरा दिला. त्यानंतर सूडसत्र सुरू झाले. २०१९ साली सोशॅलिस्ट इंटरनॅशनलने सँदिनिस्ता आघाडीची हकालपट्टी केली. दमनचक्र थांबले नाही. २०२२ साली, कलकत्त्यात मुख्यालय असलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनींना देशाबाहेर काढले. २०२३ साली जेझुइटांचे विद्यापीठ जप्त झाले आणि पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांना रस्त्यावर बंदी आली.

आपल्यापैकी अनेकजण निरीश्वरवादी आहेत. प्रार्थनेने तुरुंगाची दारे उघडतात, असे आपण मानत नाही. मग शस्त्रसज्ज सरकारने तिला एवढे का भ्यावे? कारण तीत बंदिवानाचे नाव चारचौघांत मोठ्याने उच्चारले जाते. माणूस डांबला की तो विसरलाही जावा, ही हुकूमशाहीची गरज असते. सामुदायिक प्रार्थना नेमकी तीच गरज पुरी होऊ देत नाही. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस कैदेत असताना विली ब्रँट, ब्रुनो क्रायस्की आणि ओलोफ पाल्मे यांनी त्यांच्यासाठी इंदिरा गांधींकडे रदबदली केली होती. दूर देशी कोणी आपले नाव घेत आहे, याचे मोल समाजवाद्यांना निराळे सांगावे लागू नये.

पाश्चात्त्य देशांतील उजवे लोक फक्त आपल्या धर्मबांधवांसाठी प्रार्थना करतात आणि तिचे राजकीय हत्यार करतात, असा आक्षेप घेतला जाईल. तो पुष्कळसा खराही आहे. त्याचे उत्तर आपली सहानुभूती अधिक व्यापक करणे हेच होय. जेझुइट फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यासाठी आपण आवाज उठविला तो न्याय्यच होता. परंतु भारत सरकारला लावलेला मापदंड मानाग्वाच्या 'क्रांतिकारक' सरकारला लावायचा नसेल, तर तो मापदंडच खोटा ठरतो.

पक्षशाखांनी निकाराग्वातील राजबंद्यांच्या सुटकेची व हद्दपारांच्या सन्मानाने परतीची मागणी करणारे ठराव करावेत. गावातील ख्रिस्ती बांधव त्यांच्यासाठी प्रार्थना करणार असतील, तर आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे उपस्थित राहावे. 'आमेन' म्हणणे ज्याला जमत नसेल त्याने नुसते उभे राहावे. ज्यांनी समाजवादाच्या नावाने तुरुंग भरले, त्यांच्याविरुद्ध पहिली साक्ष समाजवाद्यांनीच द्यायची आहे.