राखेखालचा निखारा

डिचोलीत काय किंवा पेडण्यात काय, एखाद्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला क्षय झाल्याचे कळले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "हा लागला कोणाकडून?" मग तर्क लढवले जातात. कोणी नव्या सुनेच्या माहेराकडे बोट दाखवतो, तर कोणी औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कर्नाटकातील मजुराकडे. या प्रश्नात पुष्कळदा अन्याय असतो, आणि शास्त्रालाही तो पुरता मान्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. रोग्याच्या खोकल्यातून हा जंतू हवेत येतो व श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतो. परंतु जंतू शिरला म्हणजे रोग जडला, असे नव्हे. शरीरातील पांढऱ्या पेशी त्याला घेरून कोंडून ठेवतात. तेथे तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. अशा माणसाला ना खोकला, ना ताप; त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. कित्येकांना तो लागणीनंतर एकदोन वर्षांतच होतो. पण काहींच्या बाबतीत तरुणपणी शिरलेला जंतू साठीत डोके वर काढतो. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या लागणीचा दोष कालपरवा आलेल्या भाडेकरूच्या माथी का मारावा?

निजलेला जंतू जागा होतो तो पहारा ढिला पडला म्हणून. एच.आय.व्ही.ची बाधा, अपुरे अन्न, दगडाच्या धुळीतील सिलिका, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे, दारू आणि तंबाखू ही त्याची कारणे. आपल्या गोव्यापुरते बोलायचे तर या यादीत मधुमेहाचे नाव ठळक अक्षरांत लिहावे लागेल. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींचे काम मंदावते आणि क्षय होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत आपला पहिला क्रमांक! अभिमानाने मिरवावा असा हा क्रमांक खचितच नव्हे. क्षयाचे मूळ परक्याच्या खोलीत शोधणाऱ्याने आधी स्वतःच्या रक्तातील साखर तपासावी.

आणि तो मजूर? एका खोलीत पाचसहा जण, वारा नाही, पोटभर सकस अन्न नाही. त्याचाही पहारा ढिलाच. फक्त कारण वेगळे. झारखंडात क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना सकस शिधा देऊन एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्षही २०२३ सालीच प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नवे रोगी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे डाळ-तांदूळ हेही एक औषधच ठरले. सरकार रोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. आजच्या बाजारभावात एवढ्यावर महिनाभर सकस आहार भागत नाही, हे सांगायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

भारताने क्षयनिर्मूलनासाठी २०२५ हे साल ठरवले होते. रोग मात्र गेलेला नाही. नुसत्या गोळ्या वाटून तो जाणार नाही. पहारा सावध ठेवावा लागेल. क्षयरोग्याची साखर तपासावी आणि मधुमेह्याला क्षयाची लक्षणे विचारावी, असे धोरण केंद्र सरकारने २०१७ सालीच आखले आहे. ते कागदावर राहू नये. मधुमेहाच्या प्रत्येक रोग्याला "दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे काय? वजन उतरले काय?" एवढे विचारायला किती वेळ लागतो? रोग्याच्या घरातील माणसांना क्षय नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषधही देता येते. परंतु लग्न मोडेल, नोकरी जाईल या भीतीने घरच रोग लपवू लागले, तर डॉक्टर तरी काय करणार?

आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत या रोगाचे नाव एकच आहे. मराठीत क्षय, कन्नडातही क्षय. तेव्हा मित्रहो, गावात यापुढे कोणाला क्षय झाल्याचे ऐकाल, तेव्हा "कोणाकडून लागला?" हा प्रश्न बाजूस ठेवा. "साखर तपासली का? नीट जेवता का? औषध पुरे घेता का?" हे विचारा. या प्रश्नांनी कोणाची बदनामी होत नाही, आणि झाला तर रोग्याचा जीवच वाचतो.