तेजाबात जे उरते: विट्याची गलाई आणि धातूंची नक्कल

१/
सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा सलग अवर्षणाचा पट्टा. येथून पोटासाठी बाहेर पडलेल्या कित्येक कुटुंबांनी सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय पत्करला. आज तामिळनाडूपासून बंगालपर्यंत सराफ बाजारांच्या गल्ल्यांत ‘गलाई’ करणारा मराठी माणूस भेटतो, तो बहुधा याच पट्ट्यातला असतो. रसायनशास्त्राच्या मराठी इतिहासात मात्र त्याला एक ओळही मिळत नाही. हा अन्याय आहे, आणि तो किती मोठा हे कळण्यासाठी एका आधुनिक शोधाकडे पाहावे लागते.

२/
आधी गलाई. जुन्या दागिन्यात सोन्याबरोबर चांदी आणि तांबे असते. गलाईवाला त्यात मुद्दाम आणखी चांदी किंवा तांबे मिसळतो, इतके की सोने सुमारे चौथाई उरावे. शुद्ध करायचे म्हणून आधी अशुद्ध करायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण सोने अधिक असेल तर चांदीचे अणू सोन्याच्या आड दडतात आणि तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रमाण साधले की चांदी-तांबे विरघळून जातात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच सोने. मुशीत टाकणखार घालून वितळवले की त्याला पिवळी झळाळी परत येते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही; द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की ती पुन्हा धातुरूपात बसते.

३/
या कृतीमागचा विचार असा: पदार्थाची ओळख रंगावरून नव्हे, आक्रमकासमोर तो कसा वागतो यावरून ठरते. पितळ रंगाने सोन्याची नक्कल करते. कसोटीच्या दगडावरचा त्याचा कस आम्ल लावताच पुसला जातो.

४/
१९८९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात कॅसलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले, फक्त अतिसूक्ष्म पातळीवर. ॲल्युमिनियमच्या थोड्याथोड्या अणूंचे ऋणभारित पुंज त्यांनी ऑक्सिजनसमोर आणले. बहुतेक पुंज खाल्ले गेले. १३, २३ आणि ३७ अणूंचे मात्र तसेच राहिले.

५/
कारण बर्कलेमध्ये १९८४ सालीच दिसू लागले होते. वॉल्टर नाइट यांच्या गटाला सोडियमचे ८, २०, ४० अणूंचे पुंज विशेष विपुल आढळले. पुंजातील मोकळे इलेक्ट्रॉन एकाच मोठ्या अणूत असल्यासारखे कवचांत बसतात आणि या संख्यांना कवच पूर्ण भरते. ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो: १३ अणूंचे ३९, आणि ऋणभाराचा एक मिळून ४०.

६/
म्हणजे भाररहित १३ अणूंच्या पुंजाला एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो, अगदी क्लोरीनसारखा. त्याची इलेक्ट्रॉनची ओढही क्लोरीनच्या जवळपास भरते. शिव खन्ना आणि पुरू जेना या भारतीय वंशाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी असे पुंज ‘महाअणू’ म्हणून पदार्थरचनेच्या विटा होऊ शकतील अशी मांडणी १९९० च्या दशकात केली. २००४ मध्ये खन्ना आणि कॅसलमन यांच्या गटांनी दाखवले की आयोडीनशी जोडल्यावर हा पुंज इलेक्ट्रॉन स्वतःकडे राखतो. हॅलोजनशी तो हॅलोजन होऊनच वागतो. पुढच्याच वर्षी १४ अणूंचा पुंज आयोडीनच्या सहवासात कॅल्शियमच्या कुळातील मूलद्रव्यासारखा वागताना आढळला. एक अणू वाढला आणि कूळ बदलले!

७/
अशा बातम्या आल्या की ‘किमयागारांचे स्वप्न साकार’ असे मथळे झळकतात. ते दिशाभूल करणारे आहेत. येथे एकाही अणुकेंद्राला धक्का लागत नाही. असे उघडे पुंज एकमेकांना भेटले तर एकत्र होऊन साधे ॲल्युमिनियमच उरण्याची भीती असते. ही नक्कल काही परीक्षांपुरती खरी आणि इतरांत खोटी आहे. कुठल्या परीक्षेत, हे विचारायची सवय गलाईवाल्याला मथळे लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक आहे.

८/
संशोधन केवळ परदेशात झाले असेही नाही. गॅलियम तळहाताच्या उबेनेही वितळते. त्याचे छोटे पुंज मात्र कितीतरी अधिक तापमानापर्यंत घन राहतात. असे का, याचे संगणकीय उत्तर २००४ मध्ये देणाऱ्यांत पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे यांचा गट होता. वितळणे हाच ज्यांचा धंदा, त्या विट्याच्या मुलांना महाविद्यालयात हे कोणी सांगते का?

९/
गौरव करताना धूर विसरू नये. तेजाबातून उठणारी तांबूस वाफ नायट्रोजन डायऑक्साइडची असते आणि ती फुप्फुसे जाळते. कोंदट खोलीत हे काम करणाऱ्यांना ‘पारंपरिक कारागीर’ म्हणून शाबासकी देणे सोपे. धुराडे आणि वायुशोषक यंत्रणा देणे खर्चाचे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रसायनशास्त्र विभागांनी हे तोंडी ज्ञान लिहून घ्यावे, आणि त्याच भेटीत हवेचे मापनही करावे.

१०/
आता सोनेही या यादीत आहे. २५ सुवर्णअणू आणि त्यांच्याभोवती गंधकयुक्त १८ रेणूंचे आवरण असा ऋणभारित पुंज स्थिर राहतो, कारण २५ मधून १८ वजा होऊन ऋणभाराचा एक मिळवला की आठ इलेक्ट्रॉन भरतात. आवरणामुळे हे पुंज एकमेकांत मिसळत नाहीत आणि त्यांचे स्फटिकही करता येतात. पिवळी झळाळी मात्र त्यांत नाही. मुशीत घालून तापवले, की आवरण जळते आणि नेहमीचे सोने उरते.