चक्र आहे ना? मग फेरा सांगा!

कुरकुंभच्या चौकात उन्हानं डांबर पातळ व्हायला लागलं की एक ज्ञानी हटकून भेटतो. त्याचं म्हणणं एवढंच: हवामान आपलं आपण बदलतं, ते निसर्गाचं चक्रच; दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा इथं एमआयडीसी होती का? झाला निकाल!

प्रश्न बिनतोड वाटतो, पण तो भलत्याच गोष्टीचा आहे. दुर्गादेवीचा असो, 1876चा असो की 1972चा, दुष्काळ म्हणजे पावसानं दगा देणं. दौंड-शिरूर पर्जन्यछायेतले तालुके, इथं पाऊस हुकण्याचं नवल नाही. वाद आहे तो अख्ख्या पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा, आणि ते दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त चढलंय.

बरं, चक्र म्हणता? चक्राला फेरा असतो. कुठला? पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल बदलतो, त्याचं गणित मिलांकोविचनं मांडलं: फेरे साधारण 23 हजार, 41 हजार आणि एक लाख वर्षांचे. त्या हिशेबानं सध्या पृथ्वी हळूहळू थंड व्हायला हवी. सूर्यावरच्या डागांचा फेरा 11 वर्षांचा; 1980 नंतर सूर्याचं तेज वाढलेलं नाही, पारा मात्र चढतोच आहे. एल निनो दोन ते सात वर्षांनी येतो आणि जातो. दीडशे वर्षं एकाच दिशेनं जाणारं चक्र दाखवा, मी कुरकुंभच्या फिरंगाईदेवीला नारळ फोडतो.

ज्वालामुखी? माणूस सोडतो त्याच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड ते सोडत नाहीत. सूर्य दोषी असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

ही तऱ्हा जुनीच. ओझोनला भोक पडलं तेव्हा तेही निसर्गाचंच होतं म्हणे. 1987 साली माँट्रियलचा करार झाला, फ्रिजमधले घातक वायू टप्प्याटप्प्यानं बंद झाले आणि निसर्गाला एकाएकी सद्बुद्धी सुचली! कारखान्यांशेजारच्या विहिरी बिघडल्या तरी हा मुरमाचाच गुण म्हणणारे निघतातच.

आता मंडन. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली आठ लाख वर्षांची हवा तपासली, तर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 300 भागांच्या फारसा वर कधी गेलेलाच नाही. आज तो 420च्या पुढे आहे आणि कोळसा-तेलातल्या कार्बनची खूण त्यात सापडते. उपायांची यादी माझ्याकडे नाही, एक मागणी आहे: शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्या. कोळसाही वाचेल आणि बिबट्याच्या धाकात रात्री उसाला दारं धरायला जावं लागणार नाही.