श्वासाकडे लक्ष, पण शोषणाकडे पाठ नको

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर जिल्ह्यात पडक्या भिंतींचे, मेलेल्या जनावरांचे आणि कुजलेल्या उसाचे पंचनामे झाले. मनाच्या पडझडीसाठी त्या कागदात रकाना नव्हता. आघाताची आठवण रात्रीची झोप हिरावते आणि ती बुजवण्यासाठी माणूस दारूकडे वळतो. व्यसन हा आजार आहे, हे पुण्यातील ‘मुक्तांगण’ १९८६ पासून महाराष्ट्राला सांगत आले. तथापि ‘बेवडा’ म्हणून हात झटकण्याची वृत्ती अद्याप गेलेली नाही.

अशा रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेली गट-उपचारपद्धती पुढे आली आहे. साधारण आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, काही व्यसनग्रस्त मार्गदर्शकासह एकत्र बसतात. तलफ दडपायची नाही आणि तिच्यामागे धावायचेही नाही. लाटेसारखी ती चढते आणि ओसरते, हे श्वासावर लक्ष ठेवून पाहायचे. बुद्धाच्या शिकवणीतील ही साधना जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत रुग्णोपचारात आणली. पुढे ॲलन मार्लाट व सहकाऱ्यांनी ती व्यसनमुक्तीकडे वळवली. २०२० च्या टाळेबंदीपासून असे गट मोबाइलच्या पडद्यावरही भरू लागले. चंदगड वा गगनबावड्याच्या रुग्णाचा एसटीचा खर्च आणि बुडणारा रोज त्यामुळे वाचत असेल, तर या सोयीचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु ही सोय कोणाच्या पदरात पडते? इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून परतणाऱ्या कामगाराला एका खोलीच्या घरात एकांत कोठून मिळणार? दारुड्याचा मार सोसणाऱ्या स्त्रीने, त्याच खोलीत, त्याच्यादेखत आपले दुःख पडद्यावरील गटाला कसे सांगावे? शिवाय डोळे मिटताच काहींच्या मनात जुना आघात उसळून येतो. अट्टल मद्यपीने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. प्रशिक्षित मार्गदर्शक आणि जवळचा दवाखाना यांच्यावाचून पडद्यावरचा उपचार अपुरा, प्रसंगी घातकही ठरेल.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकार मानसिक आजारात गणले असून, शासनाच्या वा शासनाच्या अर्थसाह्याने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. २०२२ साली केंद्र शासनाने १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली. फोनवरचे समुपदेशन ही सुरुवात झाली. हक्काची पूर्तता नव्हे. दारूच्या महसुलाने तिजोरी भरणाऱ्या शासनाने त्याच दारूने मोडलेल्या माणसाला सावरणे, ही दया नसून देणे आहे.

म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बंद दाराची शांत खोली, पडदा, प्रशिक्षित समुपदेशक आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ, ही मागणी पक्षाच्या तालुका शाखांनी लावून धरली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत शाखेची कचेरी आठवड्यातील एक संध्याकाळ अशा गटासाठी मोकळी करता येईल. मात्र पाळी बारा तासांचीच ठेवून कामगाराला श्वास मोजायला लावणे, हे मालकाच्या सोयीचे अध्यात्म आहे. कामगाराने सजगता अवश्य शिकावी. आठ तासांच्या पाळीचा लढाही पक्षाने तितक्याच निष्ठेने चालवावा.