वकिलांची संघटना आणि नेरळचा पक्षकार

नेरळ : मुंबईत घर परवडत नाही म्हणून नेरळ-शेलूच्या गृहसंकुलांत अनेकांनी संसार थाटले. त्यातला एखादा संसार मोडू लागला, की कोर्टाची वाट धरावी लागते. पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कर्जतच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो. पण लग्न मुंबईत झालेले असल्यास पती घटस्फोटाचा अर्ज वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातही दाखल करू शकतो. मग पत्नीला पहाटेची लोकल पकडून वांद्रे गाठावे लागते. दिवसाची रजा किंवा रोजंदारी जाते, ती वेगळीच. तेथे पोहोचल्यावर ‘आज वकिलांचे काम बंद आहे’ असे कळले, तर त्याचा जाब ती कोणाला विचारणार?

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४चा. राज्यातील पहिले कौटुंबिक न्यायालय १९८९मध्ये पुण्यात सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईतही. या कायद्याच्या कलम १३नुसार पक्षकाराला वकील देण्याचा हक्क नाही. न्यायालयाच्या परवानगीनेच वकील उभा राहतो. पती-पत्नीने समुपदेशकाच्या मदतीने आपसांत तोडगा काढावा, असा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात परवानगी सहसा मिळते. त्यामुळे मुंबई-पुण्यात या न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांच्या स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. ज्या न्यायालयात वकिलाचे स्थान परवानगीचे, तेथील संघटनेची जबाबदारी अधिकच मोठी ठरते.

अशा संघटनेचा कारभार इतर कोणत्याही नोंदणीकृत संस्थेसारखाच चालतो. घटना, वार्षिक वर्गणी, सर्वसाधारण सभा आणि सभासदांनी निवडलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही तिची चौकट. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी असल्यास पदाधिकारी बदलल्याची माहिती ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावी लागते. बार रूम, ग्रंथालय, नवोदितांसाठी व्याख्याने आणि प्रमुख न्यायाधीशांपुढे गैरसोयी मांडणे ही तिची नेहमीची कामे.

खरा प्रश्न मतांचा असतो. एकच वकील चार न्यायालयांत जातो आणि चार संघटनांचा सभासद होतो. निवडणुकीपुरतेच उगवणारे सभासद मग रोज तेथे काम करणाऱ्यांवर भारी पडतात. सर्वोच्च न्यायालयातील वकील संघटनेने यावर ‘एक बार, एक मत’ हा नियम केला आणि २०११मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. याच संघटनेच्या कार्यकारिणीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा देण्याचा आदेश २०२४मध्ये झाला. कौटुंबिक न्यायालयातील बहुतेक प्रत्येक दाव्यात एक बाजू स्त्रीची असते. तेथील संघटनांनी याबाबत आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न कामबंदचा. वकिलांना संपाचा अधिकार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २००२ रोजी दिला. बार किंवा न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असलेल्या अत्यंत दुर्मीळ प्रसंगी, तोही एका दिवसापुरता, निषेध दुर्लक्षिता येईल एवढीच सवलत त्यात आहे. तरीही बहिष्काराचे ठराव थांबले नाहीत. मालमत्तेच्या दाव्यात एक तारीख वाया गेली तर विलंब होतो. पोटगीच्या अर्जात ती गेली तर मुलाची फी थकते.

संघटनेने काय करू नये, हेही स्पष्ट हवे. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करायची असते. सनदेवर कारवाईचा अधिकार संघटनेला नाही. मात्र सभासदाला सांभाळून घेण्यासाठी पक्षकारावर दबाव आणणेही तिच्या कामात बसत नाही.

पक्षकाराला या निवडणुकीत मत नसते. म्हणूनच बाहेरगावच्या पक्षकारांची प्रकरणे ठरावीक वेळेत पुकारली जावीत, असा आग्रह संघटनेनेच धरायला हवा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, ही माहिती न्यायालयाच्या दारातच लावायला हवी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरतो. संघटना किती चांगली चालते हे निवडणुकीतील मतांवरून कळत नाही. पहाटेच्या लोकलने निघालेली बाई संध्याकाळी नेरळला काय घेऊन परतली, त्यावरून ते ठरावे.