व्हिजिटिंग कार्डाचं टायमिंग

"कानाला कळतं रे, मीटर कशाला लागतो?" परवा फोनवर काकांनी हे वाक्य टाकलं आणि माझं डोकं फिरलं. काका हा ब्लॉग वाचतात. तेव्हा काका, हे तुमच्यासाठीच. रागावू नका.

गोष्ट आमच्या एव्हिनरूडची. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, 1958 सालचं, दहा हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं इंजिन. ओले एव्हिनरूडने 1909 साली आमच्या मॅडिसनपासून सव्वा तासावरच्या मिलवॉकीत ही कंपनी काढली. 2020 मध्ये या इंजिनांचं उत्पादनच थांबलं. तर हिवाळाभर गॅरेजमध्ये बसून मी ते सगळं खोललं. रिंगा, सील, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, सगळं नवं. आणि शेवटी घाईत, तुमचं ऐकून, पॉइंटचा गॅप व्हिजिटिंग कार्डाने लावला.

पाण्याच्या पिंपात झकास चाललं. मग मेंडोटा तळ्यात मैलभर आत गेलो, होडीत दोन्ही मुलं, वारा सुटलेला. पूर्ण थ्रॉटल दिला आणि इंजिन लंगडायला लागलं, शेवटी बंदच पडलं. वल्ही मारत परत आलो. धाकटी एक शब्द बोलली नाही, नुसती होडीची कड घट्ट धरून बसली होती.

आता हिशोब. पुस्तकात गॅप आहे 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. माझं कार्ड मोजलं, 0.33! पॉइंट उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. गॅप कमी म्हणजे तो उशिरा उघडणार, ठिणगीही उशिरा. त्यात दोन सिलिंडरचे पॉइंट वेगळे. एकात कार्ड दाबून बसलं, दुसऱ्यात सैल, म्हणजे दोघांचं टायमिंग दोन तऱ्हेचं. कानाला काय ऐकू येतं? दोघांची सरासरी! आणि पिंपात इंजिनावर भार तो कितीसा? तुमच्या बजाजला कार्ड चालायचं हे मान्य. पण ती बंद पडली तर रस्त्याच्या कडेला चहा मिळायचा.

"मग ठिणगी थोडी आधीच पाड की, ताकद वाढते" असं सांगणारेही भेटले. पिस्टन अजून वर चढतोय आणि डोक्यावर स्फोट! वितळून भोक पडलेला पिस्टन एकदा हातात घेऊन बघा म्हणावं.

तिसरे म्हणतात, यात टायमिंग नसतंच, फ्लायव्हीलची चावी ठरवते. अर्धं खरं आहे. पण चावी अर्धवट कापली गेली असेल तर? आणि थ्रॉटलबरोबर पॉइंटची प्लेटही फिरते, टायमिंग पुढे जातं. त्याच वेळी कार्बोरेटर उघडायला हवा, ती जुळणी कोण करणार?

मी पुन्हा फ्लायव्हील काढलं. चावी शाबूत होती. फीलर गेजने दोन्ही गॅप लावले, मग पॉइंटवरून कॉइलची वायर सोडली (नाहीतर मीटर कॉइलमधूनच रीडिंग दाखवत राहतो, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली) आणि शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला. आता दोन्ही पॉइंट बरोबर अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने उघडतात. लागला दीड तास.

तुमचं कार्ड मात्र टूलबॉक्समध्येच ठेवलंय, काका. फीलर गेजचं तेल पॉइंटवर राहतं, ते पुसायला झकास आहे :)