लोणारच्या गाळातली गोष्ट

बालदोस्तांनो, सहलीला लोणारला गेलात की खारं पाणी बघून परत फिरता ना? खरी गंमत तळाशी आहे, बरं का! उल्का आदळून झालेल्या या सरोवरातून शास्त्रज्ञांनी सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. गाळ थरावर थर साचतो. जितकं खोल, तितकं जुनं.

सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपलं. वऱ्हाडात बर्फ नव्हताच. पण पावसाळा मात्र जोरदार झाला. माणसं तेव्हा शिकार करत, कंदमुळं खणत फिरायची. पुढे साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे खडे सापडले. पाणी आटून फार खारट झालं, तरच ते तयार होतात. म्हणजे शेकडो वर्षं पाऊस कमीच!

आता नवल बघा. महाराष्ट्रात शेतीची पहिली गावं वसली ती याच काळाच्या शेवटी आणि त्यानंतर. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीला १९८४-८५ मध्ये उत्खनन झालं, तिथं अशीच ताम्रपाषाणयुगातली वस्ती निघाली. पाऊस कमी, मग शेती कशी? काही अभ्यासक म्हणतात, रानातलं अन्न भरवशाचं राहिलं नाही, म्हणून धान्य पिकवून साठवणं भाग पडलं. मला हे पटतं. पेवात ज्वारी असली, की मृग कोरडा गेला तरी चूल पेटायची; आजीला विचारा!